महागडं कार्नोबा वॅक्स लावलं तरी बॉनेटवर पांढरट पट्टे राहतात. वॅक्स किती वेळ सुकू द्यायचं?

पट्टे बहुतेक वेळा जाड थरामुळे येतात. वॅक्स जास्त लावलं म्हणून चमक वाढत नाही. वरचा पापुद्रा सुकतो, खाली सॉल्व्हंट (वॅक्स मऊ ठेवणारा, सुकताना उडून जाणारा द्रव) अडकून राहतं आणि पुसताना सगळं फरफटतं.

गाडी धुऊन, क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी) फिरवून पूर्ण कोरडी करा. काम सावलीतच करा. बॉनेटला हात लावल्यावर गार लागला पाहिजे. फोमचा अॅप्लिकेटर डबीत एकदाच हलका फिरवा. तेवढं वॅक्स अर्ध्या बॉनेटला सहज पुरतं. थर जेमतेम दिसेल इतकाच ठेवा. काळ्या प्लॅस्टिकवर आणि रबरावर अजिबात लागू देऊ नका, तिथले पांढरे डाग फार चिवट असतात.

आता वेळ. घड्याळापेक्षा बोट खरं सांगतं. थरावरून बोट ओढा: खाली स्वच्छ चमक दिसली तर पुसा, ओशट रेघ उमटली तर थांबा. डबीवर ५ मिनिटं लिहिलेली असली तरी पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या दमट हवेत १५ लागू शकतात. मऊ मायक्रोफायबरने पुसा, कापड उलटत राहा.

पुसल्यावरही थर पक्का होत असतो. त्यामुळे दुसरा हात १२ ते २४ तासांनी द्या आणि तोवर गाडीला पाणी लागू देऊ नका. दुसऱ्या दिवशी तेलकट झाक वर आली, तर कोरड्या मायक्रोफायबरने पुन्हा एकदा पुसा. पुन्हा वॅक्स चढवू नका.