मन शांत करण्यासाठी संगीत कसे ऐकावे?

प्रश्न : आंब्याचा हंगाम तोंडावर आला की काळजीने रात्री छातीत धडधडते, झोप लागत नाही. तपासणीत हृदय ठीक आहे. संगीताचा उपयोग होईल का? मला डबलबारीची, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यातली, भजने आवडतात.
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : होय, होऊ शकतो, मात्र झोपण्यापूर्वी डबलबारी नको. पखवाजाची लय चढत गेली की श्वास आणि नाडीही तिच्यामागे धावू लागतात. बारी रंगते ती त्यामुळेच, पण अंथरुणावर ते सोयीचे नाही. त्याऐवजी विलंबित आलाप किंवा नुसता तानपुरा मंद आवाजात लावावा आणि षड्जाच्या (‘सा’च्या) तारेचा नाद विरत जाईल तसा श्वास सावकाश सोडावा, कारण उच्छ्वास लांबला की हृदयाची गती कमी करणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढून ठोके मंदावतात. इटलीतील संशोधक ल्युचानो बर्नार्डी यांच्या २००६ मधील अभ्यासात, संगीताच्या मध्ये ठेवलेल्या २ मिनिटांच्या शांततेत रक्तदाब व नाडी सुरुवातीच्या पातळीपेक्षाही खाली आल्याचे आढळले. म्हणून एक रचना संपताच दुसरी लावू नये. हे मला फार महत्त्वाचे वाटते. धडधडीबरोबर छातीत दुखले किंवा घेरी आली, तर मात्र त्वरित डॉक्टरांकडे जावे.