ज्याला निवडले नाही, तो दुसऱ्यांना काय निवडणार?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. तुमचा मुलगा 20 वर्षांचा असून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, फुटबॉलमध्ये मधल्या फळीत खेळतो आणि विद्यापीठ संघाच्या निवड चाचणीतून लागोपाठ दोनदा वगळला गेला आहे. आता तो रोज सकाळी वस्तीतल्या मुलांना फुटबॉल शिकवतो आणि यातच पुढे जाऊन व्यावसायिक प्रशिक्षक होणार म्हणतो. त्याच्या वडिलांना स्पर्धा परीक्षेची तयारी बरी वाटते. तुम्ही मात्र नेमके विचारले आहे : ज्याला स्वतःला कोणी निवडले नाही, तो दुसऱ्यांना काय निवडणार?

उत्तम खेळणे आणि उत्तम खेळवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पोर्तुगालचे नामवंत फुटबॉल प्रशिक्षक जोझे मुरिन्यो यांची खेळाडू म्हणून कारकीर्द सांगण्याजोगी नव्हती. 1992 मध्ये ते इंग्रज प्रशिक्षक बॉबी रॉबसन यांचे दुभाषे म्हणून स्पोर्टिंग लिस्बन क्लबात आले आणि 2004 मध्ये त्यांनी प्रशिक्षण दिलेल्या पोर्तो संघाने चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा जिंकली. म्हणजे तुमच्या मुलाची वाट बंद झालेली नाही. पण वगळले गेल्यामुळे कोणी आपोआप चांगला प्रशिक्षक होतो, असेही नाही. तो सल मनात धरून मैदानावर उतरणारा माणूस मुलांच्या जिवावर स्वतःचे हिशेब चुकते करू पाहतो, आणि असे प्रशिक्षक आपल्याकडे कमी नाहीत.

या पेशाचा गाभा बाहेरून दिसत नाही. व्यावसायिक संघात पंचवीसेक खेळाडू असतात आणि मैदानात उतरतात 11. म्हणजे प्रत्येक सामन्याला प्रशिक्षक अर्ध्याहून अधिक खेळाडूंना नाराज करतो, आणि तरीही दुसऱ्या दिवशीच्या सरावात त्यांनी जीव ओतावा अशी त्याची अपेक्षा असते, कारण सामना संपायला दहा मिनिटे उरली असताना त्यांच्यापैकीच कोणाला तरी आत पाठवावे लागते. तेव्हा नुसती भाषणे उपयोगी पडत नाहीत. "मेहनत कर, पुढच्या वेळी बघू" हे ऐकून खेळाडू खचतो, पण "चेंडू घेण्याआधी तू मागे वळून पाहत नाहीस, म्हणून समोरचा लगेच अंगावर येतो, पुढचे दोन आठवडे आपण एवढेच सुधारू" असे सांगितले, की त्याच्या हाती उद्याचे काम येते. पराभवातून उभे राहणे ज्याला म्हणतात, ते बहुतेक वेळा इतकेच असते. तुमच्या मुलाला दोन्ही वेळा वगळण्याचे कारण कोणी सांगितले नाही, असे तुम्ही लिहिता. ते चुकीचेच झाले. त्याच्या हातून तसे होते का, हे मात्र त्याने तपासावे.

या संदर्भात सय्यद अब्दुल रहीम आठवतात. हैदराबादचे हे शिक्षक भारतीय संघाचे प्रशिक्षक होते. 1962 च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत भारत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून 0-2 असा हरला. पुढे थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला टाके पडले. रहीम यांनी त्यांना नंतर आघाडीच्या फळीत खेळवले. जर्नेल यांनी उपांत्य फेरीत गोल केला आणि अंतिम सामन्यातही, ज्यात त्याच कोरियाला भारताने 2-1 असे हरवले. हा पराक्रम म्हणून सांगितला जातो. मला त्यात हाताशी असलेल्या माणसाकडे नव्याने पाहणारी नजर दिसते.

स्पर्धेविषयीही एक बोलले पाहिजे. नागपुरात फुटबॉलचा विषय निघाला, की तो शेजारच्या फुटबॉलवेड्या कामठीपर्यंत जातोच. चुरस आपल्याकडे जुनी आहे आणि चांगली आहे. पण 13-14 वर्षांच्या मुलांचा चषक जिंकण्याच्या घाईत उंच, लवकर वाढलेली मुले उतरवायची आणि उशिरा वाढणारा, पण खेळ समजणारा मुलगा कडेला बसवायचा, हा सोपा मार्ग आहे. एकाच वर्षी जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा एकाच वयोगटात खेळतात, याचा विचार किती जण करतात?

आता व्यवहार. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्रशिक्षक परवान्यांची चढती पायरी डी, सी, बी, ए आणि प्रो अशी आहे. डी परवान्यासाठी वयाची 18 वर्षे पूर्ण हवीत, म्हणजे तो आजही पात्र आहे. अभ्यासक्रमांची चौकशी राज्याच्या संघटनेकडे, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे करावी. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचे तर पदवीनंतर बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी लागते, आणि पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षण पदविकाही आहे. क्लबांतले करार बहुधा हंगामापुरते असतात आणि चार सामने हरले की पहिला प्रशिक्षकच जातो. म्हणून माझे मत असे, की त्याने बी.पी.एड. करत परवान्याच्या पायऱ्या चढाव्यात. स्पर्धा परीक्षा वडिलांच्या समाधानासाठी अर्ध्या मनाने देऊ नये. त्यात वर्षे जातात.

त्याआधी एक करून पाहा. पावसाळ्यापर्यंत त्याला एक वही ठेवू द्या : प्रत्येक मुलापुढे, त्याला काय जमत नाही आणि त्यासाठी या आठवड्यात काय करून घेतले. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला, की सराव पहाटे साडेपाचला सुरू करावा लागेल. त्या दिवसांतही वही भरलेली असली, तर डी परवान्याचे शुल्क त्याच्या वडिलांनी खुशाल भरावे.