मारुती जिप्सीचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या): एक वाढवू की सेटच बदलू?

प्रश्न: जिप्सीला मागे लांब शॅकल (पाट्यांचं टोक चासीला जोडणारी पट्टी) टाकून उचललीय, पण सामान भरलं की बसतेच. मेकॅनिक म्हणतो एक पाटा वाढव. करू का? (वाचक, मुलुंड)

उत्तर: शॅकल 2 इंच लांब केलं तरी गाडी साधारण 1 इंचच उचलते आणि स्प्रिंगची ताकद तीच राहते, म्हणून बसते. पाटा वाढवला तर बसणार नाही, पण रिकामी गाडी मुंबईच्या खड्ड्यांत पाठीची वाट लावेल! कायम लोड असेल तरच पाटा वाढवा, नाहीतर जास्त कमानीचा पूर्ण सेट घ्या, पातळ पाटे जास्त असलेला, तो मऊ चालतो. कुर्ल्यात गाड्यांच्या पार्टच्या बाजारात विचारा, पण भंगारातले थकलेले नकोत. यू-बोल्ट (पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे) नवेच, थोडं चालवून परत टाइट करा. उंची वाढल्यावर शॉकअप आणि ब्रेकचा पाइप लांबीला पुरतोय ना, तेही बघा.