ऑईलच्या झाकणाखालची साय

प्रश्न : आम्ही पाचगणीला राहतो. १.२ लिटर पेट्रोल गाडी, ६२ हजार किलोमीटर झालेत. परवा ऑईल भरायचं झाकण उघडलं तर आतल्या बाजूला पिवळट पांढरी साय दिसली. मेकॅनिक म्हणतो कूलंट ऑईलमध्ये उतरतंय, हेड गॅस्केट गेलं, हेड उतरवावं लागेल. गाडी गरम होत नाही. रोज मुलांना शाळेत सोडायचं, तीन किलोमीटर जायचं आणि यायचं, एवढाच वापर आहे. काय करावं?

उत्तर : एवढ्यावर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवू देऊ नका. हेड गॅस्केट म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला सांधा बंद करणारा पातळ थर. झाकणाखालची साय हा पुरावा धरता येत नाही, आणि तुमच्या वापरात ती दिसणारच.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, पण थोडी पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या ऑईलच्या टाकीत, उतरते. तीन किलोमीटरमध्ये ऑईल नीट तापत नाही, म्हणून ती उडून जात नाही. झाकण ही इंजिनातली सगळ्यात थंड जागा. तिथे वाफेचं पाणी होतं, ऑईलचे शिंतोडे त्यात मिसळतात आणि साय धरते. पाचगणीच्या पावसाळ्यात तर अधिकच.

आधी डिपस्टिक, म्हणजे ऑईलची पातळी मोजायची पट्टी, बघा. पांढऱ्या कागदावर पुसा. ऑईल नेहमीसारखं तपकिरी-काळं आणि पातळी जागेवर असेल तर निम्मी काळजी मिटली. दूध घातलेल्या चहासारखं दिसत असेल किंवा पातळी पट्टीवरच्या मॅक्स खुणेच्या वर चढली असेल, तर गाडी सुरूच करू नका, टो करून न्या. असं ऑईल बेअरिंगवर पातळ थर धरू शकत नाही, आणि कूलंटमधल्या ग्लायकॉलपासून पुढे आम्ल तयार होऊन बेअरिंग खातं.

मग कूलंटची बाटली. गाडी रात्रभर थंड झाल्यावर पातळीला मार्करने रेघ मारा आणि आठवडाभर रोज सकाळी बघा. गरम असताना बाटलीचं झाकण उघडू नका, उकळतं कूलंट अंगावर येतं. डिपस्टिक स्वच्छ असेल तर ऑईलचं झाकण पुसून वाईमार्गे साताऱ्यापर्यंत एक फेरी मारा. तासभर इंजिन पूर्ण तापलेलं राहू द्या. आठवड्याने कूलंट रेघेवरच असेल आणि डिपस्टिक स्वच्छ असेल, तर विषय संपला. साय मात्र छोट्या फेऱ्यांनी पुन्हा धरेल. महिन्यातून दोनदा लांब फेरी मारा आणि ऑईल किलोमीटरची वाट न बघता सहा महिन्यांनी बदला.

कूलंट कमी होत असेल तर पुढची परीक्षा. गाडी सपाट जागी रात्रभर उभी करा. सकाळी सुरू न करता चेंबरचा ड्रेन नट अगदी हळू सैल करा आणि पहिलं अर्धा कप ऑईल काचेच्या बाटलीत धरा. कूलंट ऑईलपेक्षा जड, म्हणून ते तळाला बसतं आणि आधी तेच येतं. तुमच्या कूलंटचा हिरवा किंवा गुलाबी रंग बाटलीच्या तळाशी सरळ दिसतो.

तव्याची चाचणीही करता येते. जुना जाड तवा तापवा, आचेवरून उतरवा, डोळ्यांना चष्मा लावा आणि ऑईलचा एकच थेंब टाका. मोहरीसारखं तडतडलं तर पाणी आहे. नुसता धूर निघाला तर तवा जास्त तापलाय. तो तवा पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. पण ही चाचणी फसू शकते. ऑईल बरंच तापून पाणी उडून गेलं असेल तर ग्लायकॉल मागे राहतं आणि थेंब गप्प बसतो. शंका उरली तर ऑईल तपासणाऱ्या लॅबमध्ये नमुना द्या. ग्लायकॉल, सोडियम आणि पोटॅशियम बघायला सांगा. काही ऑईलमध्ये सोडियम मुळातच असतं, म्हणून त्याच कंपनीच्या कोऱ्या ऑईलचा नमुनाही सोबत पाठवा.

कूलंट नक्की उतरतंय असं ठरलं तरी कुठून, हे शोधायचं राहतंच. थंड इंजिनावर कूलिंग सिस्टीमला हातपंपाने कूलंटच्या झाकणावर छापलेल्या आकड्याइतका दाब द्या. तो बऱ्याच गाड्यांत ०.९ ते १.१ बार असतो. त्याहून जास्त नको. ड्रेन नट काढलेला ठेवून तिथून कूलंट ठिबकतं का ते वीस मिनिटं बघा. स्पार्क प्लग काढून आत कॅमेरा घातला तर ज्या सिलिंडरमध्ये कूलंट जातं त्याचा पिस्टन धुतल्यासारखा लख्ख दिसतो. शेजारच्या दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकदम पडलं असेल तर गॅस्केट त्या दोघांच्या मधे फाटलंय.

प्रश्न : डिझेल गाडीच्या कूलंटच्या बाटलीत चॉकलेटी चिखल जमलाय. डिपस्टिकवरचं ऑईल मात्र स्वच्छ, पातळी किंचित कमी. हेड गॅस्केटच ना?

उत्तर : आधी ऑईल कूलर, म्हणजे कूलंटने ऑईल थंड करणारा भाग, तपासा. चालू इंजिनात ऑईलचा दाब दोन ते पाच बार, कूलंटचा एकाच्या आसपास. कूलरला छिद्र पडलं की ऑईल कूलंटमध्ये जातं. इंजिन बंद केलं की ऑईलचा दाब लगेच शून्य होतो, पण गरम कूलंटचा दाब बराच वेळ राहतो. तेव्हा उलटा प्रवास होतो, म्हणून गाडी चालवत राहिलात तर उद्या डिपस्टिकही दुधाळ दिसेल.

कूलर काढा, तोंडं बंद करा, दोन-तीन बार हवा भरून पाण्याच्या बादलीत बुडवा. बुडबुडे आले की चोर सापडला. कूलर बदलल्यावर कूलिंग क्लीनरने धुताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, नाहीतर हीटरच्या जाळीत चिखल अडकून राहतो. भांड्यांचा साबण वापरू नका, फेस होतो. ऑईलने रबर फुगतं, म्हणून दाबून मऊ लागणारे होज बदला.

प्रश्न : गॅस्केट बदलून ३०० किलोमीटर झाले, ऑईल पुन्हा दुधाळ. असं का?

उत्तर : गॅरेजला तीन गोष्टी विचारा. हेडची प्रेशर टेस्ट करून तडा बघितला का? सरळ पट्टी आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्त्या) हेडचा वाक मोजला का? बऱ्याच अॅल्युमिनियम हेडना ०.०५ मिलिमीटरच चालतं, तुमच्या इंजिनाचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. आणि ताण घेणारे बोल्ट असतील तर ते नवे घातले का? जुने बोल्ट एकदा ताणले गेलेले असतात, दाब धरत नाहीत. बोल्टच्या भोकात कूलंट राहिलं असेल तर बोल्ट आवळताना ब्लॉकलाच तडा जाऊ शकतो.

तिन्हींची उत्तरं "हो" असतील तर जुन्या दुधाळ ऑईलचा साका आत राहिला असण्याची शक्यता आहे. नवं स्वस्त ऑईल आणि फिल्टर घालून दहा-पंधरा मिनिटं जागेवर चालवा, गरम असतानाच काढा, पुन्हा नवं भरा आणि ५०० किलोमीटरला परत बदला. डिझेल किंवा रॉकेलने धुऊ नका, बेअरिंगवरचं वंगणच जातं. या वेळी चेंबर उतरवला तर एक बेअरिंग काढून बघा. राखाडी थर झिजून तांबूस पट्टे दिसले तर सगळी बेअरिंगं याच कामात बदलून घ्या.