बैलस्वार नव्हे!

एका वाचकाने विचारले आहे: 'लेन फ्रॉस्ट या अमेरिकन रोडिओपटूवर स्मरणलेख लिहितो आहे. त्याला बैलस्वार म्हटले तर चालेल का?'

रोडिओ म्हणजे अमेरिकन गुराख्यांच्या कसबाचे खेळ; फ्रॉस्टचा प्रकार उधळत्या जनावराच्या पाठीवर टिकून राहण्याचा. पण बैलस्वार? नाही चालणार. हा शब्द हल्ली वरचेवर कानावर येतो आणि दर वेळी खटकतो, कारण त्याची दोन्ही टोके चुकली आहेत.

'बैल' आधी उरकतो. बैल म्हणजे खच्ची केलेला. तसा नसेल तर शेतकरी मुद्दाम 'अंडील बैल' म्हणतो. नुसत्या 'बैल' शब्दाने तो अर्थ पोचत नाही हे त्याला ठाऊक असते. रोडिओतले जनावर अंडील असते, म्हणून वळू किंवा सांड म्हणावे. काही कोशकार 'सांड' हा 'षण्ड'वरून काढतात. मला ते मुळीच पटत नाही. 'षण्ड'चा एक अर्थ मोकळा सोडलेला वळू आहे खरा, पण त्याच शब्दाखाली 'नपुंसक' असाही अर्थ दिलेला आहे. वैदिक वाङ्मयात 'साण्ड' हा शब्द खच्ची न केलेल्या जनावरासाठी सरळ सापडतो: स अधिक अण्ड, म्हणजे अंडासहित. आपल्या 'अंडील'चेच ते भावंड. हाताशी असलेले सोडून लांब कशाला जायचे?

पण खरा आनंद आहे तो 'स्वार'मध्ये. हा शब्द फारसी 'सवार'वरून आला. त्याचे जुने रूप 'असबार'. 'अस' म्हणजे घोडा, आपला अश्व. आणि 'बार' म्हणजे वाहिलेला, आपल्या 'भार'मधला तोच धातू. घोड्याने वाहून नेलेला तो असबार. इराणमधल्या नक्श-ए-रुस्तम येथे दारयवहु (डरायस) या प्राचीन इराणी राजाच्या थडग्यावरच्या लेखात राजा स्वतःला उत्तम 'असबार' म्हणवतो. अडीच हजार वर्षांपूर्वी खडकावर कोरलेला शब्द आपण रोज बोलतो! म्हणजे 'घोडेस्वार'मध्ये दोन घोडे आहेत आणि 'बैलस्वार'मध्ये बैलाच्या पाठीवर घोडा चढला आहे. संस्कृत 'अश्ववार' दाखवून 'स्वार' मुळात आपलाच म्हणणारे आहेत. लगाम, जीन, रिकीब हे सगळे ज्या फारसी दाराने आले त्याच दाराने स्वारही आला. त्यात कमीपणा कसला?

मग म्हणायचे काय? 'मांड' हा अस्सल शब्द आपण विसरत चाललो आहोत. मांड म्हणजे मांड्यांची पकड. सांडाच्या पाठीवर ना खोगीर, ना रिकीब, ना लगाम. छातीभोवती आवळलेला एक दोर, तो एकाच हाताने धरायचा, दुसरा हात कुठेही टेकवायचा नाही, आणि आठ सेकंद टिकायचे. बाकी सगळी भिस्त मांडीवर. तेव्हा 'सांडाला मांड घालणारा' असे लिहा. लांब होते, पण खरे आहे.

आणि कृपा करून 'बैलावरून पडून मृत्यू' असे लिहू नका. फ्रॉस्ट पडला नव्हता. 30 जुलै 1989 रोजी वायोमिंगमधल्या शायेन येथे त्याने आठ सेकंद पूर्ण केले होते, त्याला 85 गुण मिळाले होते. तो उतरला तो चिखलात. सांड वळला आणि त्याने पाठीवर शिंग हाणले. फ्रॉस्ट उठला, चार पावले चालला, मदतीसाठी हात हलवला आणि कोसळला. बरगड्या मोडून आतली रक्तवाहिनी तुटली होती. वय 25. त्याआधी दोनच वर्षे, 1987 मध्ये, तो जगज्जेता झाला होता. व्यावसायिक रोडिओत 309 वेळा कुणालाही आठ सेकंद टिकू न देणाऱ्या 'रेड रॉक' या सांडाशी 1988 मध्ये त्याचे सात सामने झाले. त्यांतले चार त्याने जिंकले. 'पडून' या एका शब्दाने त्याची ती शेवटची पुरी झालेली खेळी पुसली जाते.

छाती-पाठ झाकणारे संरक्षक जाकीट या खेळात रुळले ते त्याच्या मृत्यूनंतर. ते घडवणारा कोडी लँबर्ट हा त्याचाच सोबती. दुसरा मित्र टफ हेडमन. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, लास वेगासच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत, आठ सेकंदांचा भोंगा वाजला तरी हेडमनने मांड सोडली नाही. आणखी आठ सेकंद तो फ्रॉस्टसाठी बसून राहिला.