दोनच नवे टायर घेतले तर पुढे लावू की मागे?

प्रश्न : दादा नमस्कार, आम्ही इंदूरला रामबागेत राहतो, माहेर धुळ्याचं, त्यामुळे मानपूरचा घाट वर्षातून चार-पाचदा होतोच. मागच्या आषाढात घाट उतरल्यावर एका वळणावर पाण्यात गाडीचं मागचं अंग एकदम बाहेर गेलं, मी घाबरून ब्रेक दाबला तर पेडल पायाखाली थडथडायला लागलं, म्हणून पाय काढून घेतला. नशीब समोरून कुणी नव्हतं. आता मागचे दोन टायर पार गेलेत. टायरवाला म्हणतो पुढची चाकं गाडी ओढतात तर नवे पुढे टाका, पुढचे मागे घ्या, गेल्या खेपेलाही असंच केलं होतं. करू का?

उत्तर : नको ताई, नवे मागेच लावा. गेल्या वेळी गाडी फिरली त्यात ह्या अदलाबदलीचा हात असणार असं मला मनापासून वाटतं.

असं बघा, पुढच्या चाकांची पकड सुटली तर गाडी वळायच्या ऐवजी सरळ जायला बघते, आपण आपसूक अ‍ॅक्सिलरेटर सोडतो, वजन पुढे येतं आणि पकड बऱ्याचदा परत मिळते. पण मागची सुटली की तोच सोडलेला पाय घात करतो, वजन पुढे गेल्यामुळे मागची चाकं अजून हलकी होतात आणि गाडी गर्रकन फिरते. तेव्हा शेपूट ज्या बाजूला जातंय त्याच बाजूला स्टिअरिंग हलकेच वळवायचं असतं, पण हे घाबरलेल्या माणसाला एका सेकंदात सुचत नाही हो, म्हणून चांगली पकड मागे हवी.

हवेचंही तसंच. 1963 मध्ये नासाच्या लोकांनी विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक हिशोब मांडला होता, त्याने साचलेल्या पाण्यात 33 पीएसआय हवेचा टायर साधारण ताशी 95 किलोमीटरला पाण्यावर तरंगायला लागतो आणि 24 असेल तर 82 लाच. कारचा झिजलेला टायर त्याच्याही आधी तरंगू शकतो. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटर ही कायद्याची शेवटची हद्द आहे, मी मात्र पावसाळ्यात 3 च्या खाली जाऊ देत नाही. आणि आपल्या माळव्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी रोडवर आलेली काळी माती भिजली की टायर नवा असला तरी भरवसा नाही, तिथे स्पीडच कमी करायचा.

आता पेडलचं. ते थडथडणं म्हणजे एबीएस काम करत होतं, चाक जाम व्हायला लागलं की ते सेकंदात कितीतरी वेळा ब्रेक सोडतं-धरतं म्हणजे स्टिअरिंग तुमच्या हातात राहतं. तुम्ही पाय काढलात तिथेच मदत थांबली. पिथमपूरला नेट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा ट्रॅक 2021 मध्ये सुरू झाला, तेव्हा सगळीकडे त्याच्या स्पीडचीच चर्चा होती, पण मला विचाराल तर कारच्या टेस्टिंगमध्ये खरी परीक्षा ब्रेकची, एका बाजूची चाकं ओल्या निसरड्या लादीवर, दुसरी कोऱ्या डांबरावर, आणि फुल ब्रेक! गाडी सरळ थांबली पाहिजे.

तुम्ही रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या मैदानात 40 च्या स्पीडला जोरात ब्रेक दाबून धरा, गाडी थांबेपर्यंत सोडू नका. मुलांना घरी ठेवा आणि मागे कुणी नाही ना ते आधी बघा. दोन-तीनदा केलंत की ते थडथडणं पायाच्या ओळखीचं होईल.