इंग्रजीच्या विस्ताराविषयी एका विद्यार्थिनीस

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

इंग्रजी जागतिक भाषा का झाली, या विषयावरचा तुझा खर्डा लक्षपूर्वक वाचला. मांडणी नेटकी आहे आणि भाषाही स्वच्छ आहे. परंतु ज्या तीन कारणांवर तू सारा डोलारा उभा केला आहेस, त्यांपैकी दोन मला टिकणारी वाटत नाहीत आणि तिसरे अर्धेच खरे वाटते. इंग्रजीचे व्याकरण सोपे आहे, तिचा शब्दसंग्रह अफाट आहे आणि तिच्या पाठीशी ब्रिटिश साम्राज्य होते, असे तू लिहितेस. पहिल्या दोहोंचा निकाल लवकर लागण्याजोगा आहे, म्हणून ती आधी घेतो.

सोपेपणाच्या बळावर भाषा पसरत असत्या, तर 1887 मध्ये झामेनहॉफ यांनी मुद्दाम सोपी घडवलेली एस्परांतो आज प्रत्येक विमानतळावर ऐकू आली असती. उलट विभक्तींनी आणि क्रियापदांच्या रूपांनी विद्यार्थ्याला घाम फोडणारी लॅटिन हजार वर्षांहून अधिक काळ युरोपातील विद्वानांची सामाईक भाषा होती. इंग्रजी स्पेलिंगने आपल्याकडच्या किती पिढ्यांना छड्या खायला लावल्या, हे तुला वेगळे सांगायला नको. शब्दसंग्रहाचे म्हणशील, तर तो विस्ताराचे कारण कमी आणि फळ अधिक आहे. जी भाषा बंदराबंदरांतून वावरते, ती बंदराबंदरांतले शब्द उचलते. हे दोन्ही परिच्छेद काढून टाकलेस तरी तुझ्या निबंधाचे काही बिघडणार नाही.

माझा आग्रह असा की, एखादी भाषा का पसरली हे विचारण्याआधी ती कधीपर्यंत पसरलेली नव्हती, हे पाहावे. 1066 मध्ये उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर तिथल्या दरबाराची आणि न्यायालयांची भाषा फ्रेंच झाली. न्यायालयातील युक्तिवाद लोकांना कळेल अशा इंग्रजीत व्हावा, असा कायदा 1362 मध्ये झाला खरा, पण तो कायदाही फ्रेंचमध्येच लिहिलेला होता. 1582 मध्ये रिचर्ड मल्कास्टर या लंडनच्या शाळामास्तरांनी लिहून ठेवले की, आपल्या भाषेची धाव या बेटापलीकडे नाही आणि बेटावरही ती सर्वत्र चालत नाही. त्या सुमारास इंग्लंडची लोकसंख्या 40 लाखांच्या आसपास होती.

याच काळातला एक माणूस तुझ्या परिचयाचा आहे, पण त्याच्याकडे या अंगाने तू पाहिले नसशील. इंग्लंडमधील विल्टशायरमध्ये जन्मलेले ख्रिस्ती धर्मगुरू थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात उतरले आणि 1619 मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिले. साष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांसाठी त्यांनी मराठी ओवीत पुराण रचले, ते 1616 मध्ये रायतूरच्या छापखान्यात छापले गेले. कोकणीचे व्याकरणही त्यांनी लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये प्रसिद्ध झाले. हे व्याकरण त्यांनी कोणत्या भाषेतून समजावून दिले, हे पाहा: पोर्तुगीजमधून. लोकांशी बोलायला मराठी आणि कोकणी, वरिष्ठांशी व्यवहाराला पोर्तुगीज आणि विद्येसाठी लॅटिन, अशी त्यांची सोय होती. या साऱ्यात आपल्या मायबोलीचा त्यांना फार उपयोग होण्यासारखा नव्हता.

पुढे शंभर वर्षांनीही चित्र फारसे बदलले नव्हते. 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आलेले इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन यांना बोलणी करायला नारायण शेणवी हे दुभाषे लागले. ईस्ट इंडिया कंपनीच्या 1698 च्या सनदेत तर, तिच्या ठाण्यांवर नेमलेल्या धर्मगुरूंनी आल्यापासून वर्षभरात पोर्तुगीज शिकावी, अशी अट होती. पोर्तुगीजांचे सामर्थ्य ओसरून गेल्यावरही किनाऱ्यावर त्यांचीच भाषा चालत होती. ही गोष्ट निबंधात अवश्य घे, कारण रुळलेली भाषा तिच्या धन्यापेक्षा जास्त जगते हे तिच्यावरून दिसते आणि पुढे इंग्रजीच्या बाबतीत आपल्याला त्याचा उपयोग होणार आहे.

आता साम्राज्याकडे वळू. साम्राज्य नसते तर इंग्रजी इथवर आली नसती, हे उघड आहे. मात्र "इंग्रज आले आणि त्यांनी इंग्रजी लादली" हे तुझे वाक्य मला फार सरधोपट वाटते. कंपनी सरकारने कितीतरी वर्षे न्यायालये आणि महसूल फारसीतून चालवला. फारसीचे ते स्थान 1837 च्या कायद्याने गेले. 1835 मध्ये गव्हर्नर-जनरल बेंटिंक यांनी इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या मेकॉले यांच्या बाजूने कौल दिला, हे तू लिहिले आहेस. पण 1844 मध्ये पुढचे एक गव्हर्नर-जनरल हार्डिंज यांनी सरकारी नोकऱ्यांत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य देण्याचा ठराव केला, तो तुझ्या नजरेतून सुटला. माझ्या मते या दोहोंत 1844 चा ठराव अधिक परिणामकारक होता, कारण मेकॉले यांचे टिपण वाचून कोणी मुलाला शाळेत घातले नसेल, पण नोकरीची वाट दिसल्यावर अनेकांनी घातले.

आपल्या मुंबई इलाख्यात तर या प्रश्नावर सरळ दोन तट पडले होते. शिक्षण मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीचा आग्रह धरत होते आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांतून शिक्षण द्यावे म्हणून भांडत होते. शंकरशेटांच्या बाजूने जर्व्हिस हे इंग्रज अधिकारीही उभे होते, ही त्यातली गंमत. त्याआधी 1832 मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेल्या 'दर्पण'मध्ये एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी मजकूर असे. 1854 मध्ये सावित्रीबाई फुले यांनी आपल्या कवितेत इंग्रजीला माऊली म्हटले, ते राज्यकर्त्यांना खूश करण्यासाठी नव्हते. ज्या विद्येची दारे शतकानुशतके बंद होती, ती या भाषेने किलकिली झाली असे त्यांना दिसत होते. लादणारा आणि मागणारा असे दोन्ही पक्ष तुझ्या लेखात आले पाहिजेत.

तरीही एवढ्याने जागतिक भाषा होत नाही. डचांनी जावा बेटावर तीन शतके पाय रोवले होते, आणि स्वतंत्र इंडोनेशियात डच भाषा जवळजवळ उरली नाही. फ्रेंचांचे साम्राज्य आफ्रिकेत आणि आशियात पसरले होते. साम्राज्य ही भाषेच्या विस्ताराची पुरेशी अट असती, तर या भाषांचे वेगळे घडले असते. इंग्रजीच्या बाबतीत जे इतरांच्या वाट्याला आले नाही ते असे: एका महासत्तेच्या हातून सूत्रे दुसरीच्या हाती गेली, आणि दोघींची भाषा योगायोगाने एकच होती. माझ्या दृष्टीने संपूर्ण विषयाचा कणा हाच आहे आणि तुझ्या खर्ड्यात त्याला जेमतेम दोन ओळी मिळाल्या आहेत.

सत्ता बदलते तेव्हा एरवी काय होते, हे पाहायचे असेल तर जपानकडे पाहा. नागासाकीच्या देजिमा बेटावर डचांनाच व्यापाराची मुभा असल्यामुळे दोनशे वर्षे जपानी विद्वानांना पाश्चात्त्य वैद्यक आणि विज्ञान डच ग्रंथांतूनच मिळाले. फुकुझावा युकिची हा तरुण याच परंपरेतला. त्याने मोठ्या कष्टाने डच आत्मसात केली होती. परदेशी व्यापाऱ्यांसाठी योकोहामा नुकतेच खुले झाले होते, तेव्हा 1859 मध्ये तो तिथे गेला आणि दुकानांवरच्या पाट्या त्याला वाचता येईनात. त्याचे डच बोलणेही बहुतेकांना कळेना. त्या पाट्या इंग्रजीत असाव्यात हे लक्षात आल्यावर तो मनातून खचला, पण दुसऱ्याच दिवशी त्याने इंग्रजी शिकायचे ठरवले. हाच फुकुझावा पुढे आधुनिक जपानचा मोठा शिक्षणतज्ज्ञ झाला. डचकडून इंग्रजीकडे वळताना त्याला जी किंमत मोजावी लागली, ती ब्रिटनकडून अमेरिकेकडे वळताना जगात कोणालाच मोजावी लागली नाही. लंडनशी पत्रव्यवहार करणारा कारकून त्याच भाषेत न्यूयॉर्कशी पत्रव्यवहार करू लागला.

अमेरिकेची वाढ किती झपाट्याची होती, यासाठी दोन आकडे पुरेत. 1790 च्या पहिल्या जनगणनेत तिची लोकसंख्या 39 लाख होती, 1900 मध्ये ती 7.6 कोटींवर गेली. त्यांत जर्मन, इटालियन, पोलिश अशा नाना भाषांचे स्थलांतरित होते आणि त्यांची नातवंडे बहुतेक इंग्रजीच बोलत होती. पहिल्या महायुद्धानंतर 1919 चा व्हर्सायचा तह फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहिला गेला आणि दोन्ही मसुदे सारखेच अधिकृत मानले गेले. मुत्सद्देगिरीतील फ्रेंचची मक्तेदारी तिथे मोडली. अमेरिकेचे वुड्रो विल्सन आणि ब्रिटनचे लॉइड जॉर्ज यांना फ्रेंचमध्ये वाटाघाटी करणे जमत नव्हते, पण फ्रान्सचे क्लेमांसो तरुणपणी अमेरिकेत राहिल्यामुळे उत्तम इंग्रजी बोलत. फ्रेंचच्या ऱ्हासाला फ्रान्सच्याच पंतप्रधानांचे इंग्रजी थोडेफार उपयोगी पडले, असे म्हणायला हरकत नाही.

विज्ञानाच्या भाषेवर मात्र तू सविस्तर लिही, कारण 'इंग्रजी ही मुळातच विज्ञानाची भाषा' हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. 1924 मध्ये ढाका विद्यापीठातील सत्येंद्रनाथ बोस यांनी आपला एक इंग्रजी निबंध आइन्स्टाइन यांना पाठवला आणि तो योग्य वाटल्यास जर्मन नियतकालिकात छापण्याची व्यवस्था करावी, स्वतः भाषांतर करण्याइतके जर्मन आपल्याला येत नाही, अशी विनंती केली. आइन्स्टाइन यांनी तो स्वतः जर्मनमध्ये उतरवला आणि तो 'त्साइटश्रिफ्ट फ्युअर फिजिक'मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्राध्यापकाला, साम्राज्याची भाषा हाताशी असताना, आपला शोध जगापुढे ठेवायला जर्मनचा आधार घ्यावासा वाटला. त्यापूर्वी याच बोस यांनी मेघनाद साहा यांच्यासह सापेक्षतावादावरील जर्मन निबंधांचा इंग्रजी अनुवाद केला होता, तो 1920 मध्ये कलकत्ता विद्यापीठाने छापला. त्या काळात भौतिकशास्त्राचा कल कोणत्या भाषेकडे होता, हे यावरून कळते.

पुढच्या दहा वर्षांत हे सारे उलटू लागले. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन शास्त्रज्ञांवर आंतरराष्ट्रीय संस्थांनी बहिष्कार घातला होताच. त्यात 1933 च्या एप्रिलमध्ये हिटलरच्या सरकारने कायदा करून ज्यू प्राध्यापकांना विद्यापीठांतून काढले. आइन्स्टाइन प्रिन्स्टनला गेले, मॅक्स बॉर्न ब्रिटनला गेले आणि त्यांच्यासारखे कितीतरी शास्त्रज्ञ इंग्रजी बोलणाऱ्या देशांत स्थायिक झाले. बोस यांचा निबंध ज्या नियतकालिकात आला होता, ते 1998 मध्ये फ्रेंच आणि इटालियन नियतकालिकांबरोबर एका नव्या युरोपीय नियतकालिकात विलीन झाले आणि ते इंग्रजीत निघते. जर्मनच्या या पडझडीत इंग्रजी भाषेच्या गुणांचा काही हात दिसतो का, ते तूच सांग.

यंत्रांचा मुद्दा तू थोडक्यात घेतलास तरी चालेल. 1870 मध्ये मुंबई समुद्री तारेने लंडनशी जोडली गेली आणि जगातल्या बहुतांश समुद्री तारा दीर्घकाळ ब्रिटिश कंपन्यांच्या ताब्यात राहिल्या. संगणकासाठी 1963 मध्ये अमेरिकेत ठरलेल्या आस्की संकेतप्रणालीत अक्षरे आणि चिन्हे यांसाठी 128 जागा होत्या. त्यांत रोमन अक्षरे बसली, देवनागरीला जगभर चालणारी जागा 1991 च्या युनिकोड या संकेतप्रणालीने दिली. एखादी यंत्रणा जिथे जन्मते तिथली भाषा तिच्या हाडीमासी मिसळते आणि नंतर ती काढणे महाग पडते. विमानवाहतुकीत तर तो जिवाचा प्रश्न होतो. 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ सौदी आणि कझाक विमानांची आकाशात टक्कर होऊन 349 माणसे गेली, तेव्हा चौकशीत कझाक चालकदलाच्या तोकड्या इंग्रजीचा मुद्दा पुढे आला. 2008 पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांवरील वैमानिकांना आणि हवाई नियंत्रकांना भाषेची ठरावीक पातळी सिद्ध करावी लागते.

यापुढची गोष्ट इंग्रजी स्वतःच पुढे नेते. जितके लोक तिच्यात, तितकी ती शिकणे फायद्याचे. आपल्याकडे 1965 नंतर एकट्या हिंदीला राजभाषा ठेवण्याचा प्रश्न आला, तेव्हा मद्रास राज्यातल्या आंदोलनानंतर 1967 च्या दुरुस्तीने इंग्रजीचे स्थान पक्के झाले, कारण ती कोणा एका प्रांताची नव्हती. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेच्या 2007 च्या सनदेत कामकाजाची भाषा म्हणून इंग्रजीचीच नोंद आहे. बेल्जियमच्या अमलाखाली राहिलेल्या रवांडाने 2008 मध्ये शिक्षणाचे माध्यम फ्रेंचवरून इंग्रजीवर आणले. 2020 मध्ये ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला, तरी संघाच्या दालनांतून इंग्रजी गेली नाही; कोकण किनाऱ्यावरच्या पोर्तुगीजचे जे झाले होते, ते इथेही होताना दिसते.

शेवटचे प्रकरण, म्हणजे उद्या इंग्रजीची जागा चिनी घेईल काय, ते तू पाच पानांचे केले आहेस. ते एका पानावर आण. जर्मनचे स्थान वीस-पंचवीस वर्षांत गेले आणि पोर्तुगीज मात्र शतकभर रेंगाळली, एवढेच आपल्याला भूतकाळातून ठाऊक आहे. त्यावरून भाकीत करू नये. उरलेली चार पाने शंकरशेट आणि पेरी यांच्या वादाला दे. शिक्षण मंडळाचे त्या काळातले अहवाल मुंबईच्या पुराभिलेखागारात पाहायला मिळतात का, याची आधी चौकशी कर, आणि दुसरा खर्डा पाठवताना तो भाग सर्वांत आधी पाठव.

कळावे.
तुझे सर